लाल चिंधीच्या काकड्या

उन्हाळ्यात आमच्या घरी सकाळ व्हायची ती काकडीच्या वासाने. आई उजाडायच्या आत मळ्यातून तोडा करून यायची आणि ओसरीवर ओलं पोतं अंथरून त्यावर काकड्या पसरायची. कोवळ्या, पोपटी, अंगावर बारीक लव असलेल्या. त्यांचा गार वास चुलीवरच्या भाकरीच्या वासात मिसळला, की मला जाग यायची. मग आईची निवड सुरू व्हायची. सरळ आणि एकसारख्या काकड्या बाजाराच्या पाटीत, वाकड्या घराला आणि पोपटांनी टोचलेल्या शेळीला. वाकडी काकडी चवीला सरळ काकडीइतकीच चांगली असते, हे मला फार लवकर कळलं, कारण मी आणि माझी धाकटी दोन भावंडं वाकड्या काकड्यांवरच वाढलो. दुपारी शेंगदाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, संध्याकाळी किसलेली काकडी बाजरीच्या पिठात मळून केलेलं थालीपीठ. एप्रिल महिना सरेपर्यंत आम्ही त्याला कंटाळलेले असायचो आणि मे महिना संपला की त्याचीच आठवण काढायचो.

घर महाळुंग्याचं. आज त्या गावाचं नाव घेतलं की लोकांना कारखान्यांच्या भिंती आणि कंटेनरच्या रांगा दिसतात. मी सांगते त्या काळी तिथे विहिरीवरच्या इंजिनाची फटफट हाच सगळ्यात मोठा आवाज होता. ती विहीर आता एका कंपनीच्या कुंपणाच्या आत आहे. परवा धाकट्या भावाबरोबर तिकडून जाताना मी गाडी थांबवायला सांगितली, तर फाटकावरच्या पोराने शिट्टी मारून आम्हाला पुढे काढलं. बरोबरच केलं त्याने, तिथे थांबायची सोय नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, पिंपरीच्या एका कंपनीत टेंपरवारी होते. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा बोलावणं आलं तर काम. फर्स्ट शिफ्ट असली की अंधारातच सायकल काढून ते चाकणला जायचे आणि तिथून एसटी धरायचे. दादांचं घराणं बाजरी आणि हुलग्याचं. औत, पाभर, खळं ही त्यांची कामं. भाजीपाला म्हणजे बायकांचं काम, असं त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण विहिरीच्या खालच्या अठरा गुंठ्यांच्या तुकड्याचा बांध ते सहसा ओलांडत नसत. तो तुकडा आईचा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार आणि उन्हाळ्यात काकडी. दादांना उन्हाळ्यात ब्रेक लागला की घर काकडीवर चालायचं, यात अतिशयोक्ती नाही. दुसरं काहीच त्या दिवसांत बाजारात नेण्याजोगं नसायचं.

बी आम्ही चाकणला रशीदभाईंकडून आणत असू. बाजाराच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. पुढे धान्याची पोती, मागे फळीवर बियांचे डबे. कांद्याचं बी त्यांच्याकडे पुण्याहून डबाबंद यायचं. बाकीचं बहुतेक आसपासच्या जुन्या माळ्यांकडून जमवलेलं असायचं, आणि ते लहानशा पितळी मापाने मोजून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून मिळायचं. आमच्या पोपटी काकडीचं बी भोसरीकडचा एक म्हातारा त्यांना पुरवायचा. त्याच्याशिवाय ती जात कुणाकडेच नव्हती. माझी दहावीची परीक्षा तोंडावर आली होती त्या वर्षी, जानेवारी संपता संपता, मी आईबरोबर दुकानात गेले, तर रशीदभाईंनी डबा उघडून आमच्यापुढे तिरका केला. तळाशी जेमतेम मूठभर बी होतं.

"वहिनी, एवढंच हाय."

"असं कसं भाऊ? मला याच्या तिप्पट लागतं."

"मला म्हाईत न्हाई का? आज किती वर्षं देतोय. पण त्या बाबाची जमीन कंपनीत गेली. त्याच्या वाफ्यावर आता पत्र्याचं शेड उभं राहतंय. पोराकडं राहायला गेला तो, पिंपरीला. तिथं काय गच्चीत पिकवणार? हे घ्या, आणि पुढच्या साली मला विचारू नका."

"पुण्याचं डब्यातलं?"

"येतं तवा येतं. आलं तर तुमच्या आधी धा जणांनी सांगून ठेवलंय. आणि ती काकडी आपल्यासारखी न्हाई, सालीला जाड." रशीदभाई हसले. "त्यापरीस धणे पेरा. वाण्याकडं पोतंभर हायेत."

"हसू नका. धणेच पेरीन मी," आई म्हणाली. आणि खरंच, येताना तिने वाण्याकडून मसाल्याचे धणे घेतले. कोथिंबिरीचंही बी मिळत नव्हतं, आणि धणा म्हणजे दुसरं काय असतं? घरी येऊन तिने ते ओट्यावर पसरले आणि पायातली चप्पल उलटी करून हलक्या हाताने रगडले. एका धण्याचे दोन झाले. अर्धं बी वाचलं, आणि अख्ख्या धण्यापेक्षा ते लवकर उगवतं. मेथीही तशीच, वाण्याच्या दुकानातली. ज्या वर्षी बी मिळत नाही, त्या वर्षी स्वयंपाकघरात बघायचं, ही आईची रीत होती. पण स्वयंपाकघरात काकडीचं बी नसतं.

त्या मूठभर बियाचं आईने जे केलं, ते मी फार बारकाईने पाहिलं. एरवी एका आळ्यात आम्ही चार-चार बिया टाकायचो आणि उगवल्यावर दोन रोपं ठेवून बाकीची उपटायचो. त्या वर्षी एकही बी उपटायला म्हणून पेरायचं नाही, असं तिने ठरवलं. बी ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवलं. मोड आलेलं तेवढंच घेतलं. पळसाच्या पानांचे द्रोण करून त्यात शेणखत आणि माती भरली आणि एका द्रोणात एक बी लावलं. रोप दोन पानांवर आलं की द्रोणासकट आळ्यात. दरवर्षीच्या एक तृतीयांश बियात तिने अर्ध्याहून जास्त मळा उभा केला. मी आकडेमोडीत हुशार होते, घरात सगळे हिशेब मलाच विचारायचे, पण हा हिशेब आईने मला न विचारता केला आणि तो बरोबर आला.

पुढच्या वर्षासाठीचं बी आता आमचं आम्हालाच धरायचं होतं. तोपर्यंत आईने काकडीचं बी कधी धरलं नव्हतं, मिळत होतं तर धरायचं कशाला? वेल बहरात आले तेव्हा तिने मळा चार वेळा पालथा घातला आणि अकरा काकड्या बियाला धरल्या. त्या तोडायच्या नाहीत, वेलावर पिकू द्यायच्या, आधी पिवळ्या आणि मग तपकिरी जाळी पडेपर्यंत. खूण म्हणून तिने जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून एकेका देठाजवळ बांधल्या. मला सांगितलं, "लाल चिंधी दिसली की हात मागं घ्यायचा." शेजारच्या बायका तोड्याला यायच्या, त्यांना सांगितलं. पोपटांनाही सांगितलं असतं, त्यांच्यासाठी मात्र पत्र्याचा डबा वाजवावा लागायचा. दादांना सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. दादा कशाला मळ्यात जातील?

एप्रिलच्या शेवटी मामाच्या मुलीचं लग्न निघालं. आई धाकट्या दोघांना घेऊन माहेरी गेली. मला परीक्षा संपून सुट्टी होती, म्हणून मळा माझ्याकडे आला. पाणी मी द्यायची, तोडा मी करायची, शेजारणींबरोबर चाकणच्या बाजाराला मी जायची. सांगायला हरकत नाही, मला ते फार आवडत होतं. बाजारात आईच्या जागेवर बसून आईच्याच आवाजात "कोवळी हाय, बघा मोडून" म्हणताना मी सोळा वर्षांची नव्हतेच मुळी.

अशाच एका बाजारातून मी दिवेलागणीला परत आले. दादा जेवून आडवे झाले होते, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. झोपेतच म्हणाले, "मळ्यात जाऊन आलो जरा. लई नीट ठेवलाय तुमी." मला बरं वाटलं. सकाळी उठले तेव्हा ते निघून गेलेले होते. मी पाणी द्यायला मळ्यात गेले, पाटाचं दार मोडलं, पाणी पहिल्या सरीत सोडलं आणि पहिल्या चिंधीपाशी आले. चिंधी होती, काकडी नव्हती. दुसरी चिंधी, तिथेही नव्हती. सगळ्या अकरा चिंध्या वेलांना नीट गाठी मारून बांधलेल्या होत्या आणि अकराही काकड्या देठापासून कापून नेलेल्या होत्या. चोर चिंधी परत बांधत बसत नाही, आणि दादा काल इथे येऊन गेले होते. दादांच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाजी वजनावर घेतात आणि तिथल्या आचाऱ्याशी त्यांची ओळख आहे, हे मला माहीत होतं. पुढचं जुळवायला वेळ लागला नाही.

ती जात आता दुसऱ्या कुणाकडे नव्हती, रशीदभाईंचा डबा रिकामा होता, आणि कॅन्टीनमध्ये दुपारचं जेवण साडेअकराला सुरू व्हायचं. म्हणजे साडेअकराच्या आत पुढचा उन्हाळा तिथे चिरला जाणार होता. मी पाणी बंद केलं. रिकाम्या हाताने जाऊन माल परत मागितला तर कोणी देणार नाही, हे बाजारात बसल्यामुळे मला कळत होतं. म्हणून ओसरीवरची, बाजारासाठी निवडलेली आणि काल न खपलेली कोवळ्या काकड्यांची पाटी डोक्यावर घेतली, शेजारच्या काकूला घराकडे बघायला सांगितलं आणि रस्त्याला लागले. चाकणला पुण्याची एसटी मिळाली. कंडक्टरने पाटीचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, "मांडीवर घेते." तो म्हणाला, "मांडीवरच्या पोराचंबी अर्धं लागतं." शेवटी दोन काकड्यांवर मिटलं. नाशिक फाट्याला उतरून पुढे चालत आणि विचारत मी कंपनीच्या फाटकाशी पोचले.

फाटकावरचा वॉचमन कोकणातला होता, वयस्कर, मिशा पांढऱ्या.

"काय काम आहे गो?"

"कॅन्टीनमध्ये जायचंय. आमच्या काकड्या सकाळी आल्यात, त्या परत न्यायच्यात."

"परत? खराब निघाल्या काय?"

"नाही काका. फार चांगल्या निघाल्या, म्हणूनच."

त्याने पाटीकडे पाहिलं. "आणि ह्या कसल्या?"

"ह्या द्यायच्या, त्या घ्यायच्या."

"अगो, काकडी देऊन काकडी न्यायला आलीस? थट्टा करतेस काय माझी?"

"तुम्ही एक खाऊन बघा. मी वाईट देतेय असं वाटलं तर आत सोडू नका."

त्याने काकडी मोडली, खाल्ली, आणि खाताखाताच दादांचं नाव आणि खातं विचारून घेतलं. मग एका झाडूवाल्याला हाक मारून मला मागच्या बाजूने कॅन्टीनला पोचवायला सांगितलं. जाताना म्हणाला, "परत जाताना आणखी एक ठेवून जा."

कॅन्टीनच्या मागच्या पडवीत दोन बायका कांदे चिरत होत्या आणि चौरंगावर बसून एक धिप्पाड गृहस्थ विळीवर काकडी धरून होते. पिवळीधमक, आमची.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की कांदे चिरणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"काय झालं माय, साप निघाला का?" ते आचारी व्यंकटराव. देगलूरकडचे, कामासाठी पिंपरीला आलेले.

"ती कापू नका. ती बियाची आहे."

"बियाची? तुझ्या बापानं तर भाजीची म्हणून दिली की. म्हणला, जून झाल्यात, तुमच्याकडं चालतेत का बघा. आमच्याकडं पिकल्या काकडीचं वरण लई झ्याक लागतंय लेकरा. तेच करायलोय आज."

"किती कापल्या?"

"चार गेल्या डाळीत."

"आणि बी?"

"बी कोण खातंय? बी ते काय तिकडं, म्हशीवाल्याच्या बादलीत."

मी पाटी खाली टाकली आणि बादलीपाशी बसले. बटाट्याच्या साली, कोबीचे दांडे, शिळा भात, आणि त्यावर काकडीच्या बियांचा चिकट गर. माझी खरी भीती वेगळी होती. "यात गरम काही ओतलंय का? चहाचा चोथा, भाताची पेज?" मी विचारलं. व्यंकटरावांना प्रश्न समजला. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले आणि बादलीत कोपरापर्यंत हात घातला. "चोथा सकाळचा हाय, तळाशी, गार झालाय. पेज अजून गाळली न्हाई. वाचलंय माय तुझं बी."

बाकी सात काकड्या अख्ख्या होत्या. पण त्या मला नुसत्या देणं त्यांच्या हातात नव्हतं. माल फाटकावर तोलून आत आलेला, तो तेवढा स्वयंपाकात दिसला पाहिजे. मी म्हटलं, "मला वजनाची काकडी नको, बी हवं. गर तुमचा, बी माझं." त्यांनी विळी माझ्याकडे सरकवली. मी सातही काकड्या उजेडात धरून पाहिल्या. चार पुरत्या पिकलेल्या होत्या, जाळी पडलेल्या. त्यांचं बी तिथल्या तिथे काढलं आणि गर त्यांना दिला. तीन अजून देठाकडे हिरवट होत्या. त्यांचं बी आज काढलं तर पोचट निघालं असतं. घरी सावलीत ठेवून त्या आणखी पिकायला हव्या होत्या. त्या तीन तराजूत टाकल्या आणि दुसऱ्या पारड्यात माझ्या कोवळ्या काकड्या टाकत गेले, काटा सरळ होईपर्यंत. व्यंकटराव म्हणाले, "वर एक टाक की." मी म्हटलं, "काटा सरळ आहे." कांदे चिरणारी एक बाई दुसरीला म्हणाली, "ही पोरगी कंपनी विकत घेईल बघ एक दिवस." पण बोलता बोलता तीही बादलीपाशी येऊन बसली आणि माझ्याबरोबर बिया वेचू लागली.

आमचं वेचून होतंय तोवर भोंगा झाला आणि थाळ्या घेतलेल्या माणसांची रांग लागली. दादा रांगेत होते. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मंगल? घरी समदं बरं हाय ना?"

"बरं आहे. पण दादा, आईच्या बियाच्या काकड्या तुम्ही इथं आणल्यात."

"बियाच्या? अगं, त्यास्नी तर नजरंच्या चिंध्या बांधल्या व्हत्या!"

आता सगळं उलगडलं. वेलाला लाल चिंधी म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून, आमच्याकडे घराला, गाईला, पोराला बांधतात तशी. दादांनी मळा पाहिला, त्यांना कौतुक वाटलं, आणि नेमक्या चिंध्यांपाशीच विसरलेल्या जून काकड्या दिसल्या. वाया जाण्यापेक्षा कॅन्टीनला तरी जातील.

"चिंध्या मी टाकल्या न्हाईत," दादा कळवळून सांगत होते. "समद्या परत बांधल्या वेलाला. म्हटलं, राहिलेल्या काकड्यांना नजर लागाय नको."

मागून रांगेतला कोणी म्हणाला, "राव, नजर तर तुमचीच लागली की!" आणि अख्खी रांग हसली. दादा हसले नाहीत. थाळी घेऊन ते माझ्या शेजारी पडवीतच बसले, वरणात भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले, आणि हळूच म्हणाले, "वरणाला चव हाय पण." तेव्हा मात्र मला हसू आवरलं नाही, आणि मग त्यांनाही.

मी दुपारच्या एसटीने परतले. वॉचमनला त्याची काकडी दिली. कॅन्टीनमध्ये काढलेलं बी भोवतीच्या चिकट गरासकट एका मडक्यात ठेवलं, बादलीतलं दुसऱ्या मडक्यात, आणि दोन्हींवर फडकं बांधलं. गर आंबून सुटला, मग पाण्यात घातलं. तरंगलं ते टाकलं, बुडालं ते सावलीत वाळवलं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण रशीदभाईंकडे बोलताना ऐकलेलं होतं. हिरवट तीन काकड्या धान्याच्या कणगीमागे ठेवल्या. रोज जाऊन हात लावून बघायचा मोह मला आवरला नाही.

आई परत आली तेव्हा मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाले, "तुझ्या बियाच्या काकड्या मी कापल्या. मंगलनं सोडवून आणल्या." आई सगळं ऐकून घेईपर्यंत डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायची विसरली. चिंध्यांचं ऐकल्यावर तिने पदर तोंडाला लावला. मग गाठोडं ठेवलं, मडकी पाहिली, कणगीमागच्या काकड्या पाहिल्या आणि मला विचारलं, "बदल्यात कंच्या दिल्यास?"

"बाजाराच्या पाटीतल्या."

"सरळ?"

"हो."

"त्याला चिरायच्याच व्हत्या ना? मग वाकड्या का न्हाई नेल्यास?"

आजही, सांगवीच्या मंडईत भाजी घेताना, कोशिंबिरीसाठी मी वाकड्याच काकड्या निवडते. भाजीवाली त्या वेगळ्या काढून स्वस्तात देते, आणि माझी सून म्हणते, आईंना सवय आहे.

जूनमध्ये आईने उगवण पाहिली. तीन ठिकाणचं बी वेगवेगळं ठेवलं होतं, प्रत्येकातल्या वीस-वीस मोजून वेगळ्या फडक्यांत बांधल्या. घरात पिकवलेल्या काकड्यांच्या अठरा उगवल्या, कॅन्टीनमध्ये काढलेल्या एकोणीस, आणि म्हशीच्या बादलीतल्या अकरा. रशीदभाईंच्या शेवटच्या मुठीपेक्षा पहिल्या दोन्ही चांगल्या होत्या. आईने लगेच ठरवलं, बादलीचं बी आळ्यात दोन-दोन टाकायचं, बाकीचं एक-एक. पुढच्या उन्हाळ्याला पूर्ण मळ्याला पुरून वर शेजारणींना देण्याइतकं बी हाताशी होतं. ते तिने राखेत मिसळून डब्यात भरलं.

त्या वर्षीपासून दादांनीही मळ्याचा बांध ओलांडला. काकडी नाही, पण दुसरं पुष्कळ बी कॅन्टीनमध्ये फुकट जात होतं, हे मी त्या पडवीत पाहिलं होतं. लाल भोपळा पिकलेलाच चिरतात आणि बी फेकून देतात. लाल मिरच्या पोत्याने येतात आणि पोत्याच्या तळाशी बी उरतं. व्यंकटरावांना मी तेव्हाच सांगून आले होते. दर आठ-पंधरा दिवसांनी दादांच्या डब्याच्या खालच्या खणात काही ना काही येऊ लागलं, कधी धुतलेलं, बहुधा न धुतलेलं. डबा उघडताना ते म्हणायचे, "बघ, आज काय पिकलं कंपनीत." आई ते फडक्यात बांधून तपासायची. उगवलं तर ठेवायची, नाही तर शेळीला. भोपळा एकसारखा येत नसे, कधी गोल तर कधी लांबट, कारण कुठल्या कुठल्या गावचे भोपळे त्या कॅन्टीनमध्ये येत असतील कोण जाणे. पण विकला जायचा. दादांना त्या वर्षी लांब ब्रेक लागला आणि आम्हाला तो जाणवला नाही, असं म्हणणार नाही. पण आम्ही कुणाच्या दारात गेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी अकरावीला होते. मळा पुन्हा पुरता भरला होता, पहिल्या तोड्याच्या पाट्या चाकणला जाऊन आल्या होत्या आणि वाडीतल्या चार बायकांनी पुढच्या सालासाठी बी मागून ठेवलं होतं. एका सकाळी तोड्याला निघताना आईने माझ्या हातातली पाटी काढून घेतली.

"यंदा बियाला तू धर."

"मी?"

"मग कोण? मला माझी निवड म्हाईत हाय. तुझी बघू दे."

मी सरीसरीतून फिरले. सूर्य वर आला, तिचा अर्धा तोडा झाला, तरी माझी एकही ठरेना. मळ्याच्या टोकाला एका वेलावर लांबलचक, देखणी काकडी होती. बाजारात मांडली तर लोक थांबून बघतील अशी. मी तिच्यापाशी बराच वेळ उभी राहिले आणि पुढे गेले. शेवटी मधल्या सरीतली एक मध्यम काकडी निवडली. आई मागेच आली होती.

"ही? पल्याड हिच्या दुप्पट हाय की."

"पल्याडच्या वेलाला आत्तापर्यंत तीनच लागल्या. हा वेल पहिल्या तोड्यापासून देतोय, आणि अजून फुलावर आहे. आणि शेजारच्याला भुरीची पांढरी पूड आली तरी ह्याचं पान बघ, स्वच्छ आहे."

आईने वाकून पान उलटं करून पाहिलं. वेलाच्या टोकापर्यंत बोटाने फुलं मोजत गेली. मग पाटी कमरेवर घेतली आणि पुढच्या सरीत तोडा करायला निघून गेली. बाकीच्या दहा मी कुठल्या धरल्या, ते बघायला ती परत फिरली नाही.